थर्मनचा नळ

एल्वुडने आधी उजवा खांदा आत घातला, मग डोकं, मग श्वास सोडून बरगड्या. घरगाडीच्या सिंकखालचं ते कपाट इतकं चिंचोळं की आत गेलेल्याला नाक खाजवायचं तरी बाहेर यावं लागावं. एल्वुड जन्माचा काटकुळा, म्हणून निदान छातीपर्यंत मावला.

"पाणी बंद केलंस ना?" बाहेरून व्हर्नाने विचारलं.

"केलं." त्याला असले प्रश्न खपत नसत. थर्मनला तिने हे विचारलं नसतं, याची त्याला खात्री होती.

थर्मन म्हणजे व्हर्नाचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या या तळावर तो अजून ठाण मांडून होता. थंडी चुकवायला उत्तरेतून आलेली म्हातारी मंडळी संध्याकाळी घडीच्या खुर्च्या टाकून बसली की कुणीतरी त्याचा विषय काढणारच. एवढं छप्पर गळायचं, पण थर्मनच्या गाडीला कारागीर लागला नाही. पंप गेला, हीटर गेला, तरी नाही. व्हर्ना नुसती हसायची. "खरंय," म्हणायची, "थर्मनच्या काळात बाहेरचा माणूस कधी आला नाही."

हे सगळं एल्वुडला थर्मनच्याच खुर्चीत बसून ऐकावं लागे. त्या खुर्चीत बसलं की दोन्ही बाजूंना जागा उरायची. मेलेल्या माणसाने तिथेही आपल्याला लहान ठरवावं, याने त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. थर्मनची टोपी, थर्मनचा कोट, काही म्हणजे काही त्याने अंगाला लावून घेतलं नव्हतं. टेबलावरच्या फोटोत थर्मनचा हसरा चेहरा तेवढा होता, आणि तो फोटोही एल्वुड जाता-येता भिंतीकडे वळवून ठेवायचा.

तळावर प्रत्येक गाडीपुढे जोडप्याच्या नावाची लाकडी पाटी असते. एल्वुड हिवाळाभर व्हर्नासोबत राहत होता, तरी पाटीवर अजून 'थर्मन आणि व्हर्ना'च होते. आज त्याने मनाशी ठरवलं होतं. थर्मनचा नळ उतरवायचा, आपल्या हाताने नवा बसवायचा आणि मग पाटीचं विचारायचं. नाही जमलं तर मागे उभी असलेली आपली छोटी घरगाडी मोटारीला जोडायची आणि टेक्ससला बहिणीकडे निघून जायचं. रोज उठून मढ्याशी कोण शर्यत लावणार?

त्याने पहिली नळी सैल केली आणि पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर आली. बाहेरची तोटी बंद केली होती, पण टाकीचा पंप चालूच होता, आणि गाडीतला पंप दाब कमी झाला की आपणहून सुरू होतो.

चुलीच्या वर असलेल्या पंपाच्या बटणाकडे न बघताच व्हर्नाचा हात गेला आणि पंप थांबला.

"लांब दांड्याचा पाना दे," एल्वुड गुरगुरला. तिने तो आधीच त्याच्या हातापाशी धरला होता. तिच्या बोटांच्या पेरांवर जुने, बारीक व्रण होते. कधीकाळी तिने मांजर पाळलं होतं, त्याचे असतील.

आत टॉर्च फिरवताना तो एकच गोष्ट शोधत होता: थर्मनची चूक. एक तरी. पण प्रत्येक पेचाला ग्रीस लावलेलं. रस्त्यावर नळ्या खडखडू नयेत म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवलेले, तेही कात्रीने कड गोल करून. इतकं निगुतीने केलेलं काम त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच ते बघवेना.

नवा नळ बसला. पंप सुरू केला, पाणी आलं. आणि खालच्या जोडावर एक थेंब जमला, पडला, दुसरा जमला. एल्वुडने पेच आवळला, परत आवळला. थेंब काही थांबेना.

"वॉशर खराब आहे," तो ओल्या कपड्यांनिशी बाहेर येत म्हणाला आणि फाटकाजवळच्या दुकानाकडे तरातरा चालू लागला. त्या मापाचा वॉशर दुकानात नव्हता. परतताना त्याने आपल्या छोट्या घरगाडीची चाकं दाबून पाहिली. हवा ठीक होती.

आत येऊन त्याने कपाटात हात घातला. जोड कोरडा होता. पाणी सोडून पाहिलं, तरी कोरडाच. नवा जोड कधीकधी आपोआप बसतो, असं त्याला वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याची छाती फुगली. व्हर्नाची बाही कोपरापर्यंत ओली होती. नव्या नळाखाली भांडी घासली असतील.

"थांबला बघ," तो म्हणाला.

"थांबायचाच," व्हर्ना म्हणाली. "ते ओलं काढ आता, वारा सुटलाय. तुझे कपडे अजून धुलाईत आहेत. पलंगाखालच्या खोक्यात थर्मनची डांगरी आहे, ती घाल."

एरवी त्याने नाक मुरडलं असतं. पण आज तो जिंकला होता, आणि जिंकलेल्याला डांगरीचं काय वावडं? व्हर्ना बाहेर खुर्च्यांकडे गेली. मंडळी जमू लागली होती. पाटीचं कसं विचारायचं, ते तो मनात जुळवू लागला.

खोक्यातून डांगरी काढून त्याने झटकली. एका पायात त्याचे दोन्ही पाय गेले. पट्टे खांद्यांवर चढवले, तरी पुढे इतकी मोकळी राहिली की आत आणखी दोन एल्वुड उभे राहिले असते. ती पोटाशी मुठीत धरून तो सिंकखालच्या उघड्या कपाटाकडे बघत राहिला. त्या चौकटीने त्याच्याच बरगड्या सोलल्या होत्या; या डांगरीतल्या माणसाचा तर तिथे खांदाही आत गेला नसता.

बाहेर शेजारचा मर्ल विचारत होता, नवा नळ कुणी बसवला म्हणून.

"एल्वुडने," व्हर्ना म्हणाली. "एकट्याने. अगदी थर्मनसारखा."