बिनविरोध

“कोणाची हरकत?” प्रमुखांनी विचारलं आणि सवयीने सगळ्यांच्या माना खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती.

अर्धशिशीची नवी गोळी बिनविरोध मंजूर झाली. टाळ्या वाजल्या. चहा अजून गरम होता. एरवी ह्या संशोधन संस्थेत सभा संपेपर्यंत चहावर साय धरायची, कारण त्या खुर्चीत हरकतबाई बसायच्या. हे नाव सहकाऱ्यांनीच ठेवलेलं. बायकांच्या दवाखान्यात अर्धं आयुष्य काढून बाई संशोधनाकडे आल्या होत्या, आणि समोर येईल त्या कागदात त्यांना कोणीतरी गैरहजर दिसायचं.

“गोळी तपासली कोणावर?” मागच्या सभेत त्यांनी विचारलं होतं.

“निरोगी तरुणांवर,” प्रमुख म्हणाले.

“म्हणजे मुलांच्या वसतिगृहात. आणि अर्धशिशीने डोकं धरून कोण बसतं? बायकाच जास्त.”

“बायका घेतल्या की आकडे नाचतात हो. महिन्याच्या सुरुवातीला एक, शेवटी भलतंच.”

“मग बघा ना नाच! अंगावर पाजणारीने ही गोळी घेतली, तर दुधातून बाळाच्या पोटात किती...”

“पुरे!” प्रमुखांनी टेबलावर हात आपटला. “तुम्हाला काम नकोय, खुसपट हवंय.”

आठवड्याभरात बाईंची रवानगी ग्रंथालय समितीवर झाली. कोणी हळहळलं नाही. उपप्रमुखांनी तर “चला, हवा खेळू दे जरा” म्हणत त्यांच्या खुर्चीमागची खिडकी सताड उघडली. जमाखर्च मांडायचा तर खर्ची पडली एक बाई, जमा झाली शांतता. सौदा कोणालाच महाग वाटला नाही.

मंजुरीच्या खुशीत प्रमुख घरी पोचले, तेव्हा बाळंतपणाला आलेली लेक अंधाऱ्या खोलीत डोक्याला ओढणी आवळून पडली होती. कुशीत बाळ अंगावर पीत होतं.

“बाबा, झाली ना मंजूर? द्या आता. डोकं फुटतंय.”

प्रमुखांनी कोटाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. एका गोळीवर अंगठा टेकवला. अंगठा तिथेच राहिला. खोलीत बाळाच्या चुटुचुटु पिण्याचा तेवढा आवाज होता.

“अहो, देताय ना?” बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. “सगळ्या जगाला देणार आणि पोटच्या पोरीला देताना हात आखडता?”

“आलोच,” प्रमुख म्हणाले. पट्टी खिशात कोंबून ते निघाले ते थेट हरकतबाईंच्या दारात.

बाईंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

“ग्रंथालय संध्याकाळी बंद असतं.”

“गोळी मंजूर झाली. बिनविरोध.”

“कळलं. टाळ्याही वाजल्या म्हणे. निघा आता.”

“लेकीला द्यायचीय.” प्रमुखांनी दाराच्या फटीत पाय घातला. “ती अंगावर पाजते बाळाला. त्या दिवशी तुम्ही दुधाचं काहीतरी म्हणत होता. दुधातून किती जाते? पटकन सांगा.”

बाईंच्या चेहऱ्यावर दया नव्हती.

“मला काय माहीत?”

“म्हणजे? तुम्हीच तर एवढं रान उठवलं होतं!”

“मी विचारलं होतं, साहेब. शोधायचं सगळ्यांनी मिळून होतं. उत्तर माझ्याजवळ असतं, तर तुमच्यापुढे कशाला घसा कोरडा केला असता?”

प्रमुखांच्या खिशात पट्टी करकरली.

“मग आता मी काय करू?”

“उद्या सभा बोलवा. विचारा. पाय काढा.” साखळी खुळखुळली. “आणि हो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून विचारा. तिथे बसलेल्याकडे सगळे कसे बघतात, ते एकदा कळू दे तुम्हालाही.”