नववा स्लॉट

भद्रावतीजवळच्या एका कोळसा खाणीत कोण खाली आहे आणि कोण वर आला, याची नोंद एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा संगणक, ठेवायचं. ते चालू असतानाच मेमरी जोडता-काढता यावी म्हणून इंजिनिअर धनराजने त्याचं फर्मवेअर, म्हणजे मुळाशी चालणारा प्रोग्राम, लिहिलं होतं. काढण्याआधी तो भाग वापरात आहे का, हे मशीनला विचारायचं असतं. गेल्या वर्षी त्याने घाईत विचारलं नाही. खाली काम करत असलेल्या श्रावण या कामगाराची नोंद पुसली गेली, आत कोणी नाही असं समजून बोगद्याचं तोंड भिंत घालून बांधलं गेलं. नंतर धनराजने सरळ खोटं सांगितलं, की श्रावण खाली जाताना घ्यायचा हजेरीचा बिल्ला न घेताच उतरला होता.

आज सकाळी मेमरीचे आठच स्लॉट, म्हणजे खाचा, असलेल्या त्या मशीनमध्ये नववा दिसला. या वेळी धनराजने रीतसर विचारून तो काढायला घेतला.

'वापरात आहे,' उत्तर आलं.

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्याने मशीनच बंद केलं. पडद्यावरची ओळ गेली नाही.

फोन वाजला. बिल्ल्यांच्या खिडकीवरून मीराबाई बोलत होती. श्रावणची बायको, त्याच्याच जागेवर नोकरीला लागलेली.

"धनराजभाऊ, तुमी खाली कायले गेले?"

"मी वर हाय बाई, ऑफिसात."

"तुमचा बिल्ला तं गेला. अन् ह्यायचा वापस आला, ओला." तिचा आवाज अगदी शांत होता. "गणती जुळली. तोंड बांधाले सांगतलं मी."

धनराजने धावत जाऊन ऑफिसचं दार उघडलं. समोर ओल्या सिमेंटची भिंत होती, आणि पलीकडून गवंड्याच्या थापीचा आवाज येत होता.