यहुदी धर्माच्या वतीने

"सर्व धर्मांचा आदर हाच आमच्या कॉलेजचा पाया आहे," असं फादर लोपीस माइकवरून गंभीरपणे म्हणाले, टाळ्या झाल्या, आणि यहुदी धर्माच्या वतीने ऋता केतकर मंचावर चढली.

मुलुंडच्या त्या कॅथलिक कॉलेजात यहुदी अशी एकच मुलगी होती. ती, शिफ्रा नवगावकर, त्या वेळी विंगेत पडद्याची दोरी धरून उभी होती.

नावावरून सगळे तिला ख्रिश्चन समजत. नाताळात केकचा पहिला तुकडा तिला मिळायचा, आणि कुठल्या चर्चला जातेस, असं दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. म्हणून शेवटच्या वर्षी तिने फादरांच्या मागे लागून सर्वधर्म प्रार्थनेत आपली प्रार्थना घालून घेतली. एकदा सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि विषय संपवायचा. भांडुपहून तिचे आजोबा, नाना, सिनेगॉगात घालायची टोपी घालून आले होते आणि तिसऱ्या रांगेत बसले होते.

तर मधे झालं असं, की रंगीत तालीम शनिवारी ठरली. शनिवार म्हणजे शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी शिफ्राच्या घरी गॅससुद्धा पेटत नाही. आणि फादरांचा नियम होता की जो तालमीला नाही तो मंचावर नाही. नियम सर्व धर्मांना सारखा होता.

"तू टेन्शन नको घेऊ यार," ऋता म्हणाली होती. ती कार्यक्रमाची सेक्रेटरी, आणि पहिल्या वर्षापासून शिफ्राची जिवलग. "तालमीला तुझ्या जागी मी उभी राहते. फायनलला तूच."

शिफ्राला यात काही वावगं दिसलं नाही. ऋता घरचीच होती. आपल्या आईला न सांगता ती नारळाच्या दुधातलं मटण शिफ्राकडेच खायची, तेही शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लागल्यावर. शिफ्राने तिच्याकडून प्रार्थना घोटून घेतली. त्यातल्या 'एखाद' या हिब्रू शब्दातला ख घशातून काढ, खाकरल्यासारखा, हेही शिकवलं. वर आपली निळी ओढणी दिली.

गोरी, घाऱ्या डोळ्यांची ऋता त्या ओढणीत फादरांना फार पटली. सोमवारी शिफ्राच्या वाट्याला पडदा आला.

"मी काय करू गं?" ऋता म्हणाली. "त्यांना मी जास्त ज्यू वाटले."

आता मंचावर ऋताने दिवा लावला, डोळे मिटले आणि प्रार्थना म्हटली. ख बरोबर घशातून आला. शिफ्राने पडदा वेळेवर पाडला. त्याची तालीम तिने केली नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाना विंगेत आले. "पोरगी कुणाची गं ती? काय चोख म्हणाली! शिकवलं कुणी?"

"मी."

"मग तू का नाही उभी राहिलीस?"

"तालीम शनिवारी होती, नाना."

नानांनी मान हलवली. टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि जिन्याकडे निघाले.

फादर लोपीस घाम पुसत आले. "शिफ्रा, वाईट वाटून घेऊ नको, बाळा. तालीम आधी गुरुवारीच लावली होती मी. ऋताने शनिवार मागून घेतला. मी म्हटलं, शिफ्राचं काय? तर म्हणाली, तिला चालतंय, आमचं बोलणं झालंय."

शिफ्राने वळून पाहिलं. ऋता मागेच उभी होती. निळ्या ओढणीची नीट घडी घालून ती परत द्यायला आली होती.

"अगं, मला ज्यू वगैरे व्हायचं नव्हतं गं," ती म्हणाली. "शप्पथ."

ते खरं होतं. गुरुवारी ऋताचा कथकचा क्लास असतो.