तांत्रिक निकषांची मोटर

‘संस्थेच्या नावेसाठी पाच अश्वशक्तीची पेट्रोल मोटर निव्वळ तांत्रिक निकषांवर निवडण्यात आली,’ असे मच्छीमार संस्थेचे सचिव बंडूजी यांचे लेखी निवेदन आहे. निकष तपासण्याजोगे आहेत. नाव जेमतेम दोन माणसांची; तलाव एवढा की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरून उत्तर यावे. हिंगणघाटच्या दुकानदाराने बॅटरीवरची, हलकी आणि जवळजवळ निःशब्द मोटर सुचवली होती. सचिवांनी दोन्ही चालवून पाहिल्या आणि जिचा आवाज मोठा, ती घेतली.

रोज सकाळी नावाडी श्रावण आणि सचिवांची पत्नी धुरपता या नावेतून माशांना खाद्य टाकायला जातात. आता मोटर सुरू होताच मासे तळ गाठतात आणि खाद्य पाण्यावर तरंगत राहते.

आमसभेत वृद्ध सभासद नत्थूजींनी विचारले, "काहो सचिव, मासोळ्यायले जेवाले बोलावून राह्यले का हाकलून राह्यले?"

सभा हसली. सचिवांनी ‘तांत्रिक निकष’ हे दोन शब्द पुन्हा एकदा उच्चारले आणि ते खाली बसले. सभा पांगल्यावर मात्र एकट्या नत्थूजींपाशी त्यांनी जे कबूल केले, ते शब्दशः असे:

"आवाजाची मोटर मीच पाहून घेतली, नत्थूजी. वल्हं होतं तवा नाव तलावाच्या मधात गेली तरी धुरपताचं हासनं मले काठावर ऐकू ये. पंचवीस वर्सांत माह्या घरात तसं हासनं एकडाव नाई ऐकलं."