अंक मिळतो
नव्या कॉम्प्युटरनं पांढुर्ण्याच्या मासिकाचे तीन हजार वर्गणीदार छापून दिले. खप तपासायला आलेल्या साहेबानं त्यातली दहा नावं निवडून 'अंक मिळतो' असं त्यांच्या हातचं कार्ड मागितलं. सातवं नाव यादी ठेवणाऱ्या उषाच्या बापाचं होतं, लोधीखेड्याच्या पुंडलिकरावांचं. उषा मालकांना म्हणाली, "भैय्याजी, बाबा तं पोळ्यालेच वारले. नाव काढा म्हटलं होतं मी." "मेलेल्यायची नावं काढत बसलो तं खप काय दाखवू?" मालक पान चघळत म्हणाले. "त्यायचं अक्षर पाहून लिहून टाक." उषानं तक्रारींचा खण उपसला. 'अंक मिळाला नाही' म्हणून बाबांचं कार्ड दर महिन्याला यायचं. पहिली ओळ पाहूनच उषा ते खणात फेकायची. शेवटचं कार्ड तिनं आज पहिल्यांदा पूर्ण वाचलं. 'अंक राहू दे पोरी, तूच येऊन जाय.' त्याच अक्षरात तिनं लिहिलं, 'अंक वेळेवर मिळतो.'