थोरल्याच्या चौकीत

"पण साहेब, राखीव म्हणजे राखीवच ना?" अण्णांनी पुन्हा विचारलं.

"होतं तसं. आता धोरण बदललंय," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला. "खडी फौज, राखीव फौज, सगळं एकत्र."

अण्णांच्या डोक्यात काही शिरेना. थोरला मुलगा खड्या फौजेत, सध्या सीमेवरच्या चौकीत. धाकटा फ्रिज दुरुस्त करणारा. राखीवमध्ये त्याचं नुसतं नाव. वर्षाकाठी थोडी कवायत, तीही कुरकुरत. लढाई पेटली तरी राखीववाल्यांनी मागे गोदामं सांभाळायची, अशीच आजवरची रीत. आणि काल त्यालाही बोलावणं आलं होतं.

"मग त्याला धाडणार कुठे?"

"माणूस लागेल तिथे. सकाळचा हुकूम दुपारी बदलतोय, काका. आम्हालाच धड कळत नाही."

घरी मुलांच्या आईने अन्नपाणी सोडलं होतं. "निदान थोरल्याजवळ तरी पाठवा म्हणावं. तो डोळ्यांत तेल घालून सांभाळेल भावाला."

"सांभाळतोय कसला! लहानपणासारखा बदडून काढेल," धाकटा म्हणाला. आणि बोलावण्याचा कागद पुन्हा उलगडून बघू लागला.

अण्णांनी सोफे शिवायचं दुकान बंद ठेवलं आणि हेलपाटे सुरू केले. कुणी म्हणे जमेल, कुणी म्हणे नियमात बसत नाही, कुणी म्हणे नियमच अजून ठरलेला नाही. शेवटी एका मेजरबाईंना त्यांची दया आली.

"थोरल्याच्याच चौकीत हवाय? नक्की?"

"उपकार होतील, बाई. मग आम्ही निर्धास्त."

"ठीक आहे. तिथे एक जागा होतेय."

धाकटा ट्रकमध्ये चढला, हात हलवत गेला. त्या संध्याकाळी आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आठवडाही उलटला नसेल, भरदुपारी दार वाजलं. दारात थोरला उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आई त्याच्या गळ्यात पडून रडू लागली. अण्णा पुढे झाले.

"अरे, तू इथे कसा?"

"मलाही कळलं नाही, अण्णा. अचानक म्हणाले, ऊठ, घरी जा. आता म्हणे राखीवमधला एक आला की आमच्यातला एक सुटतो." तो भिंतीला टेकून खाली बसला. "चौकीत आम्ही मोजकेच उरलो होतो. माझ्या जागी कोण बिचारा आला, त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. धाकटा कुठाय?"