तात्या वकिलांचा रेडा

“तुमचा विश्वास बसायचा नाही, पण त्या दिवशी कोर्टाच्या वाटेत, ऐन पुलावर, रेडा आडवा बसला होता,” तात्या वकिलांनी शिस्तपालन समितीसमोर सुरुवात केली आणि शेजारी बसलेल्या विभावरीनं समोरची फाईल मिटली.

खुनाच्या खटल्यांतून भल्याभल्यांना सोडवून आणणारी विभावरी आज आपल्या गुरूची सनद वाचवायला आली होती. जामिनाच्या तारखेला तात्या कोर्टात गेलेच नव्हते. पक्षकार अजून तुरुंगात होता आणि त्याची आई इथे समोर बसली होती. “विसरलो, चुकलो, एवढंच म्हणा. ताकीद देऊन सोडतील,” असं विभावरीनं जिन्यात तात्यांना हात जोडून सांगितलं होतं.

“मी त्याला कलमं ऐकवली, हरकती घेतल्या. तो आपला रवंथ करतोय,” तात्या रंगात आले. तिनं टेबलाखालून त्यांचा कोट ओढला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. “दिवस मावळला तेव्हा उठला बेटा.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून ठेवला. “तात्या, हा रेडा खोटा आहे. मी तुमची ज्युनिअर होते, तेव्हा तारीख वाढवून घ्यायला तुम्हीच तो मला शिकवलात. फक्त तेव्हा तो दुपारी उठायचा.”